हंसाचा दाणा आणि वादातले पाणी

बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीकडे शेतघराच्या राखणीला ठेवलेले चार हंस असोत की खानापूरकडे तळ्याकाठी पाळलेला पन्नासांचा कळप, पाळणाऱ्यापुढे हल्ली एकच वाद येऊन पडतो. दाण्यातल्या सोयापेंडीला पर्याय काय? एक बाजू सांगते, सोया महाग आणि बेभरवशाची, तेव्हा सडक्या मालावर वाढणाऱ्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या घाला, पाण्यावर तरंगणारे अॅझोला हे नेचे घाला. दुसरी बाजू उसळून विचारते, आमच्याच शिवारातले सोयाबीन हमीभावाखाली जात असताना पेंडीला पर्याय शोधता, म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय देता की नाही? दोन्हीकडचा आवेश खरा आहे, पण मांडणी दोन्हीकडची उसनी आहे. हा वाद मुळात ब्रॉयलर कोंबडीचा. तो तसाच्या तसा उचलून हंसाच्या गळ्यात बांधला आहे. हंस हा चरणारा पक्षी. कन्नडमध्ये त्याला 'हेब्बातु', म्हणजे थोरले बदक, म्हणतात आणि आपणही त्याला बदकाच्याच रांगेत बसवतो, पण खाण्याच्या बाबतीत तो कोंबडी-बदकापेक्षा शेळीच्या जवळचा. त्याला भारी प्रथिन आयुष्यात एकदाच लागते, पहिल्या चार आठवड्यांत. त्यानंतर सोयाऐवजी अळी की अळीऐवजी सोया हा प्रश्न जवळपास उरतच नाही.

आकडे पाहू. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ साली पक्ष्यांच्या पोषणगरजांचे जे तक्ते काढले, त्यांत ब्रॉयलरच्या पिल्लाला पहिले तीन आठवडे २३ टक्के प्रथिन सांगितले आहे. हंसाच्या पिल्लाला पहिले चार आठवडे २० टक्के, नंतर १५ टक्के. अंड्यावर आलेल्या मादीलाही प्रथिन १५ टक्केच. तिचे कॅल्शियम मात्र वाढत्या वयातल्या ०.६ टक्क्यांवरून २.२५ टक्क्यांवर न्यावे लागते. आणि आपल्याकडे होते काय? हंसाचा म्हणून वेगळा दाणा दुकानात मिळत नाही, म्हणून ब्रॉयलर स्टार्टरची, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांच्या पहिल्या दाण्याची, गोणी आणतात आणि पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत तीच चालू ठेवतात. हिशेब करून बघा. पहिल्या चार आठवड्यांत पिल्लू साधारण चार किलो दाणा खाते. पुढचे बारा आठवडे चरायला न सोडता दिवसाला पाव किलो धरला तर एकवीस किलो. पंचवीस किलो दाण्यात तीस टक्के सोयापेंड म्हणजे एका हंसामागे साडेसात किलो सोया. याउलट पहिला महिना नीट दाणा, मग चराई आणि वर दिवसाला सव्वाशे ग्रॅम हलका दाणा असे केले, तर तोच पक्षी दोन किलो सोयात उभा राहतो. साडेसातावरून दोनवर यायला अळीचा एक ट्रे लागला नाही की अॅझोलाचा एक खड्डा. मग वाद नेमका कशाचा चालला आहे?

जास्त प्रथिन फुकट जाते एवढ्यावर भागत नाही. ते पिल्लाला मोडते. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पंखाची मोठी पिसे फुटतात. तेव्हा ती रक्ताने भरलेली आणि वजनदार असतात. दाणा फार कसदार असला, पिल्लाला हिंडणे नसले, तर पिसे हाडांच्या पुढे धावतात आणि मनगटाचा सांधा बाहेर वळतो. पंख विमानासारखा आडवा उभा राहतो. पहिल्या दोन-चार दिवसांत लक्षात आले, तर पंख मिटून मऊ पट्टीने अंगालगत बांधावा, चार-पाच दिवसांनी सोडून बघावा आणि त्याच दिवशी दाणा कमी करून पिल्लू गवतावर घालावे. महिनाभर दुर्लक्ष झाले की तो पंख जन्माचा तसाच. लोक याला जातीचा दोष समजतात आणि पुढच्या खेपेला आणखी 'ताकदीचा' दाणा आणतात. दुसरीकडे त्याच वयात पाय फाकून बसणारे, घोटा सुजलेले पिल्लू दिसले की प्रथिन कमी पडले म्हणतात. तिथे बहुतेक वेळा कमी पडलेले असते नायसिन, म्हणजे ब गटातले एक जीवनसत्त्व. हंसाच्या पिल्लाला ते किलोभर दाण्यात ६५ मिलिग्रॅम लागते. कोंबडीच्या पिल्लाला ३५ पुरते. मक्यातले नायसिन बांधलेल्या रूपात असल्याने पक्ष्याला फारसे मिळत नाही. शंभर किलो दाण्यात पाच ग्रॅम नायसिन जास्तीचे मिसळले की काम भागते. अळ्या आणि सोया यांच्या वादात या पाच ग्रॅमांचे नाव कोणी काढत नाही.

आता विरोधकांचे जे खरे आहे ते आधी मान्य करू. सोयापेंडीचा भाव खरोखर बेभरवशाचा आहे. २०२१ च्या पावसाळ्यात ती किलोला शंभरीच्या घरात गेली, आणि ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकसुधारित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. पेंड आली आणि सोयाबीनचा भाव घसरला. कुक्कुटपालक सुटला, शेतकरी अडकला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल असताना बाजारात त्याहून कमी मिळत होते. म्हणजे पालकाची भीतीही खरी आणि शेतकऱ्याची चीडही खरी. हेही खरे की नुसत्या गवतावर पिल्लू वाढत नाही. 'हंस गवत खातो ना, मग सोडा बांधावर' म्हणून तीन दिवसांची पिल्ले हिरवळीवर सोडणारा माणूस दहांतली चार गमावतो आणि उरलेली खुरटी राहतात. हंसाला शेळीसारखे रवंथाचे पोट नाही. कोंबडीच्या जवळपास दुप्पट दाबाने दळणारा पोटा, म्हणजे पेषणी, हीच त्याची चक्की. ती गवत चिरडून पेशींतला रस काढते, चोथा दोनेक तासांत बाहेर. ही चक्की पहिल्या आठवड्यात तयार नसते, आणि जाडसर वाळू किंवा बारीक खडी मिळाल्याशिवाय पुढेही नीट चालत नाही. तेव्हा पहिला महिना दाणा हवाच आणि त्या दाण्यात चांगले प्रथिन हवेच. माझे म्हणणे त्यापुढच्या काळाबद्दल आहे.

प्रथिनाचे हे वेड नवे नाही. १९६० च्या दशकात जगभर 'प्रथिनटंचाई'ची हाकाटी होती. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिनसंकटावर अहवाल काढला. माशांच्या पिठापासून पेट्रोलियमवर वाढवलेल्या यीस्टपर्यंत नाना उपाय पुढे आले. त्या गदारोळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ आकडे मांडून सांगत राहिले, की भारतातल्या गरिबाच्या ताटात प्रथिनाचे प्रमाण तितकेसे कमी नाही. ताटच अपुरे आहे. पोटभर भाकरी-डाळ मिळाली तर प्रथिनही बहुतेक भागते, आणि उष्मांक कमी पडला तर दिलेले प्रथिन शरीर सरपण म्हणून जाळते. सुखात्म्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे बरेच वाद झाले, पण हा मूळ मुद्दा टिकला. हंसाच्या बाबतीत तो जसाच्या तसा लागू पडतो. मक्याचा भाव चढला म्हणून भरडा कमी करायचा आणि वर महागडी अळीची पूड घालायची, यात अळीचे प्रथिन चुलीतच जाते.

मुळात दाण्यातले 'प्रथिन' म्हणजे काय, हे तरी वादात कोणी विचारते का? प्रयोगशाळा प्रथिन मोजत नाही. ती नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. नत्र कुठूनही आला तरी गोणीवरचा आकडा फुगतो. २००८ साली चीनमध्ये पातळ केलेल्या दुधात मेलामाइन घालून हाच आकडा फुगवला होता. तीन लाखांच्या आसपास बाळे आजारी पडली, सहा दगावली. आपल्याकडे सुकटीच्या कुट्यात किंवा पेंडीत युरिया मिसळतात तो याच हिशेबाने. शंका आली तर घरी तपासता येते: नमुना पाण्यात भिजवून गाळावा, त्या पाण्यात अर्धा चमचा कच्च्या तुरीचे पीठ घालून हलवावे, पाच मिनिटांनी तांबडा लिटमस बुडवावा, निळा झाला तर युरिया आहे. अळीच्या बाबतीत तर फसवायला कोणी लागतही नाही. तिच्या कातडीतल्या कायटिनमध्ये नत्र असतो, तो प्रथिन म्हणून मोजला जातो. काळ्या सैनिक माशीच्या अळीला खरा गुणक ४.७६ च्या आसपास धरावा असे संशोधन २०१७ मध्येच आले. म्हणजे ६.२५ ने काढलेले ४२ टक्के प्रत्यक्षात ३२ टक्के. विकणारा कोणता सांगतो?

अॅझोलाची गंमत याहून सरळ आहे. हंसाला दूध आणि पाणी वेगळे करता येते अशी आपली जुनी समजूत. अॅझोलाच्या हिशेबात ते काम त्याच्या मालकाने करायला हवे होते. 'अॅझोलात २३-२५ टक्के प्रथिन' हे खरे, पण वाळलेल्या अॅझोलात. ताज्यात ९४ टक्के पाणी. शेतकरी-मेळाव्यात दाखवतात तो दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद खड्डा घ्या: सिल्पॉलिनचे कापड, चाळलेली माती दहा-पंधरा किलो, दोन किलो शेण आणि तीस ग्रॅम सुपर फॉस्फेट कालवलेले पाणी, वर दहा सेंटिमीटर पाणी, अर्धा ते एक किलो बियाणे. चांगला चालला तर दिवसाला पाचशे-सहाशे ग्रॅम निघते. सहाशे ग्रॅमांत सुके ३६ ग्रॅम, त्यात प्रथिन आठ ग्रॅम. वाढत्या हंसाला दिवसाला चाळीसेक ग्रॅम लागते. एका हंसाला पाच खड्डे! वर एप्रिलमध्ये पारा ३७ च्या पुढे गेला की सावली नसलेला खड्डा कुजतो, स्फुरद कमी पडले की तांबडा पडतो, आणि काढलेले अॅझोला शेणाचा वास जाईपर्यंत धुवावे लागते. क्षेत्रफळाच्या हिशेबात ते लसूणघासाला मागे टाकते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. जागा थोडी आणि घरात रिकामे हात असतील त्याने जरूर करावे, हिरव्या पाल्याची तोंडीलावणी म्हणून. सोयाचा पर्याय म्हणून नाही.

अळीला मात्र मी इतक्या सहज उडवून लावणार नाही. तिचे प्रथिन पहिल्या महिन्यातल्या पिल्लाला चालण्याजोगे आहे. लायसिन-मेथिओनिन हे प्रथिनाचे दोन गरजेचे घटक त्यात बऱ्यापैकी. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२१ पासून कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकप्रथिनाला परवानगी दिली आहे. भाजीमंडईत रोज सडणारा माल बघता कच्च्या मालाचीही वाण नाही. अडचण वेगळीच आहे. अळीला ओलावा ६० ते ७० टक्के लागतो. त्याहून ओला कोबी-टोमॅटो पडला की खालचा थर आंबतो, अळ्या भिंतीवर चढून पळतात. गव्हाचा कोंडा किंवा उसाचा भुसा मिसळून तो घट्ट करावा लागतो. हॉटेलचे खरकटे घेतले की मीठ आणि प्लास्टिक येते, आणि शहरी कचऱ्यातले कॅडमियम अळीच्या अंगात साठते. काढलेल्या अळ्या उकळत्या पाण्यातून काढून मगच वाळवायच्या, नाहीतर साल्मोनेला हा रोगजंतू दाण्यात उतरतो. वाळवणार कुठे? जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगावच्या पावसात ऊन नाही, आणि ड्रायरच्या विजेने सोयापेंड स्वस्त वाटू लागते. शिवाय अळीत चरबी तीस टक्क्यांच्या आसपास. चरबी न काढलेली पूड महिनाभरात खवट होते. ताज्या अळ्या पिल्लांना मूठभर टाकायला उत्तम. उद्योग म्हणून उभी करायची, तर गिऱ्हाईक कोंबडी आणि मासे आहेत.

खरे धोके 'स्थानिक आणि स्वस्त' म्हणून कौतुकाने सांगितल्या जाणाऱ्या पेंडींत आहेत. १९६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की एकाएकी मेले. बदकाची पिल्लेही मेली. कारण निघाले ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली भुईमूग पेंड, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. बदक आणि हंस यांची पिल्ले या विषाला कोंबडीपेक्षा कितीतरी हळवी. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली भुईमूग पेंड वरून कोरडी दिसते, आत ढेकूळ धरते. पहिल्या महिन्यात ती देऊच नये. पुढे द्यायची तर लाकडी फळ्यांवर रचलेली, ओलावा अकरा टक्क्यांखालचा माल पाहूनच. सरकी पेंडीतल्या गॉसिपॉलने अंड्याचा बलक हिरवट पडतो. अंड्यावरच्या मादीला ती नको. डीडीजीएस, म्हणजे धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, हा आजचा सर्वांत मोठा 'पर्याय'. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने मर्यादा आणल्यावर मका त्या बाजूला वळला आणि हा चोथा बाजारात भरपूर आला. मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रथिन २६ ते ३० टक्के, पण लायसिन तुटपुंजे. जास्त तापवलेला, गडद तपकिरी, जळका वास असलेला माल असेल तर तेही मेलेले. आणि स्टार्च निघून गेल्याने मक्यातले बुरशीचे विष त्यात तिपटीने एकवटते. सोनेरी रंगाचा माल, चार आठवड्यांनंतर, दहा टक्क्यांपर्यंत: इतक्या अटींवर तो हंसाला चांगला. सूर्यफूल पेंडीचे उलटे. तिच्यात चोथा जास्त म्हणून कोंबडीवाला नाक मुरडतो. हंसाला तो चोथा झेपतो आणि तिच्यातले मेथिओनिन पिसांना उपयोगी पडते.

सोयावाल्यांना एवढेच विचारायचे, की या भागातले सगळे हंस सोयाशिवाय वाढवले तरी सोयाबीनचा भाव चार आण्यांनी तरी हलेल का? तो हलतो तेलाच्या आयातशुल्काने, डीडीजीएसच्या लोंढ्याने, सरकारी खरेदी उशिरा सुरू झाल्याने. भांडण तिकडे न्यावे. घरचे सोयाबीन कमी भावात घालण्यापेक्षा पिल्लांना घालू म्हणणारा शेतकरी मात्र शहाणा आहे, एका अटीवर. कच्चे सोयाबीन दळून घातले तर त्यातला ट्रिप्सिन-रोधक, म्हणजे पचनरसाला अडवणारा घटक, प्रथिन पचूच देत नाही. पिल्लू भरपूर खाते, वाढत नाही आणि पातळ हगते. आठ-दहा तास भिजवून अर्धा तास उकळावे आणि वाळवावे, किंवा मंद आचेवर सतत हलवत दाणा आतपर्यंत तांबूस होऊन कच्चा वास जाईपर्यंत भाजावे. काळा पडला की लायसिन गेले. भाजलेल्या सोयाबीनमध्ये प्रथिन ३६ ते ३८ टक्के, तेल १८ ते २०. पेंडीच्या सव्वापट घ्यावे लागते, पण तेलाने उष्मांक भरून निघतो.

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटी घेतो. 'गवत गवत म्हणता, पण थंडीत अंडी घालून उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले निघतात, तेव्हा अथणीत गवत दाखवा.' बरोबर आहे. कालव्यापासून लांब, कोरडवाहू शिवारात मार्च-एप्रिलमध्ये माझा युक्तिवाद लंगडतो. तिथे एक गुंठा लसूणघास ठिबकवर ठेवता आली तर दिवसाला दोन-अडीच किलो हिरवा चारा मिळतो, दहा-बारा पक्ष्यांना पुरवणी म्हणून. तेवढेही पाणी नसेल तर हंस पाळूच नयेत, असे स्पष्ट सांगावे लागेल. पण घटप्रभा-हिरण्यकेशी-दूधगंगेच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात हे कारण चालत नाही. तिथे पाटाच्या कडेला, बांधावर बारमाही हरळी आहे. हंसाला ती बोटभर उंचीची, कोवळी हवी. गुडघ्याएवढी वाढून जरठ झालेली तो खात नाही, आणि खाल्लीच तर गळ्याखालची पिशवी तुंबते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत कापसाच्या शेतात हंस सोडून भांगलण करत, कारण हा पक्षी गवत खातो आणि रुंद पानाच्या पिकाला सहसा तोंड लावत नाही. इंग्लंडच्या नॉरफॉकमधून कापणी झालेल्या शेतांतले सांडलेले धान्य खात हंसांचे कळप लंडनपर्यंत पायी चालत. वाटेत पाय झिजू नयेत म्हणून त्यांना डांबर आणि वाळूतून चालवून घेत. खानापूर तालुक्यातल्या भातकापणीनंतरच्या खाचरांत असे किती धान्य पडून राहते? ते खायला हंस न्यायचा तर अडवते ते तणनाशक. मका-उसात अॅट्राझिन किंवा २,४-डी मारलेल्या शेताच्या बांधावर कळप सोडता येत नाही. आणि अडवते गायरान. ते उरले कुठे? 'पर्यायी प्रथिना'ला अनुदान मागणारे निवेदन लिहिताना गायरानाच्या मोजणीची एक ओळ त्यात का नसते?

दाण्यापुरते सांगायचे तर पहिल्या चार आठवड्यांना शंभर किलोत मक्याचा भरडा ५६, सोयापेंड ३२, तांदळाची कणी ८. उरलेल्या चारात डायकॅल्शियम फॉस्फेट दीड, चुनखडीची भुकटी एक, मीठ ३०० ग्रॅम, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण अर्धा किलो, मेथिओनिन दीडशे ग्रॅम, नायसिन पाच ग्रॅम, बाकी तेल. पाचव्या आठवड्यापासून मका ५०, तांदळाचे पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) २०, डीडीजीएस १०, सूर्यफूल पेंड १०, सोया ७, बाकी खनिजे. तेही फक्त संध्याकाळी, कळप चरून आल्यावर. बदल एका दिवसात करू नये. तीन दिवस जुना तीन वाटे नि नवा एक, पुढचे तीन दिवस निम्मा-निम्मा. तयार गोणी घ्यावीच लागली तर कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाचे औषध मिसळलेली नको. त्या औषधाची मात्रा कोंबडीच्या भुकेवर बेतलेली असते, आणि हंस त्याच वयात तिच्यापेक्षा जास्त खातो. औषध मिसळल्याचे गोणीवर बारीक इंग्रजीत छापलेले असते. ते मराठीत आणि कन्नडमध्ये, लायसिन, नायसिन आणि अफ्लाटॉक्सिनच्या आकड्यांसह मोठ्या अक्षरांत छापायला लावा, ही मागणी अळीवाले आणि सोयावाले एकत्र येऊनही करू शकतात.